जुनी लष्करी रायफल विकत घेण्यापूर्वी तिचा अस्सलपणा कसा तपासावा

माझ्या संग्रहातली पहिली रायफल बनावट निघाली. विक्रेत्याने ती ब्रिटिश ली-एनफील्डची 'नंबर ५ मार्क १' म्हणून, म्हणजे संग्राहक जिला 'जंगल कार्बाइन' म्हणतात ती म्हणून, माझ्यासमोर ठेवली होती. आखूड नळी, तोंडाशी शंकूच्या आकाराचा ज्वालारोधक, दस्त्याच्या टोकाला रबरी गादी, सगळे चित्रातल्यासारखे होते आणि मीही ते चित्राशीच ताडून पाहिले. घरी आणल्यावर काही दिवसांनी टेबलावरचा दिवा तिरपा करून मी ती पुसत होतो, तेव्हा रिसीव्हरच्या (नळी ज्यात बसते त्या मुख्य धातूच्या भागाच्या) डाव्या बाजूला, कानशीने सपाट केलेल्या जागेत, 'यू. एस. प्रॉपर्टी' या अक्षरांच्या अर्धवट कडा उमटलेल्या दिसल्या. नंबर ५ ही रायफल १९४४ ते १९४७ या काळात ब्रिटनमधल्या फझाकर्ली आणि बीएसए शर्ली या दोनच कारखान्यांत बनली; तिच्यावर अमेरिकी मालमत्तेचा शिक्का असण्याचे काहीच कारण नव्हते. माझ्या हातात होती ती अमेरिकेत सॅव्हेजच्या कारखान्यात बनलेली पूर्ण लांबीची ली-एनफील्ड नंबर ४, जिची नळी कोणीतरी कापली होती आणि पुढे नवा ज्वालारोधक बसवला होता.

पुढची काही वर्षे जाणत्या संग्राहकांच्या शेजारी बसून मी जे शिकलो, ते नवख्यांसाठी क्रमाने लिहीत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. 'ही रायफल अस्सल आहे का' हा प्रश्न फारसा कामाचा नसतो, कारण सैन्यात वीस-तीस वर्षे वापरली गेलेली कोणतीही रायफल कारखान्यातून निघाली तशी राहत नाही. विचारायचा प्रश्न असा की हिच्यात काय बदलले, ते कोणी बदलले आणि केव्हा. सैन्याच्या शस्त्रागाराने केलेला बदल हा त्या रायफलीच्या इतिहासाचाच भाग असतो, तर विक्रीसाठी एखाद्याच्या कार्यशाळेत झालेला बदल ही फसवणूक असते. पुढच्या सर्व पायऱ्या या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी आहेत.

## १. आधी कायदा, मग रायफल

जुने शस्त्र 'पुरातन' म्हणून परवान्यातून सुटते की नाही, हे प्रत्येक देशात निराळ्या कसोटीवर ठरते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ च्या अखेरीपर्यंत बनलेले शस्त्र पुरातन मानले जाते. कॅनडात १८९८ पूर्वी बनलेले असणे आवश्यक असून शिवाय कॅलिबरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) अटी आहेत. ब्रिटनमध्ये २०२१ साली लागू झालेल्या नियमांनुसार १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची निर्मिती आणि कालबाह्य काडतुसांच्या यादीतले कॅलिबर या दोन्ही अटी पाहिल्या जातात. तुम्ही राहता तिथला नियम परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी मागून घ्या; 'ही तर शोभेची वस्तू आहे, हिला काही लागत नाही' हे विक्रेत्याचे वाक्य कोणत्याही चौकशीत उपयोगी पडत नाही.

अस्सलपणाचा आणि कायद्याचा इथे थेट संबंध येतो. साल चुकीचे ओळखले, तर पैसे तर जातातच, पण विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपकाही येऊ शकतो. निष्क्रिय केलेली म्हणून विकली जाणारी रायफल असेल, तर निष्क्रियतेचे प्रमाणपत्र आणि त्यावरचा क्रमांक रायफलीशी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. सोबत काय न्यावे

साधने थोडी आणि साधीच लागतात:

- दहा पट मोठे दाखवणारे भिंग
- तिरपा प्रकाश टाकता येईल असा छोटा टॉर्च आणि नळीच्या आत सोडता येईल असा बारीक दिवा
- मापनासाठी व्हर्नियर कॅलिपर
- लहान चुंबक (जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या शोभेच्या प्रतिकृतीला ते चिकटत नाही)
- मऊ कापड, वही आणि जवळून नीट छायाचित्र काढणारा कॅमेरा
- त्या विशिष्ट नमुन्यावरचा एखादा विश्वासार्ह संदर्भग्रंथ, निदान त्यातल्या ठशांच्या पानांच्या प्रती

यांतले सर्वांत महत्त्वाचे साधन टॉर्च आहे. समोरून टाकलेल्या प्रकाशात कानशीने घासलेली जागा गुळगुळीत आणि निष्पाप दिसते. तोच प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की खळगे, लाटा आणि पुसलेली अक्षरे वर येतात.

## ३. हातात घेतल्यावर

विक्रेत्याची परवानगी घ्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडून चेंबर (काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझीन रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी व बोटाने करा, आणि मगच तपासणी सुरू करा. ती कितीही जुनी असली तरी हा क्रम चुकवू नका. तोंडाकडून भरायच्या बंदुकांत तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला सापडला आहे. तपासणीसाठी गोळी झाडून पाहण्याची कल्पना डोक्यातून काढून टाका. अमेरिकी स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलींपैकी स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या ८,००,००० पेक्षा आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाच्या रिसीव्हरांवरची उष्णता-प्रक्रिया सदोष होती, त्यामुळे ते ठिसूळ असू शकतात, आणि बाहेरून पाहून हे कळत नाही.

## ४. नमुना, कारखाना आणि साल यांचा मेळ घाला

रायफलीवरचे मुख्य ठसे तीन गोष्टी सांगतात: ती कोणत्या नमुन्याची, कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या वर्षाची. या तिन्ही गोष्टी एकत्र शक्य आहेत का, एवढे पाहिले तरी बनावट मालाचा मोठा भाग गळून पडतो.

ब्रिटिश घाटाच्या रायफलींवर राजमुकुटाखाली राज्यकर्त्याची आद्याक्षरे असतात. व्हिक्टोरिया राणीची 'व्ही. आर.', सातव्या एडवर्डची 'ई. आर.', आणि जॉर्ज राजांची 'जी. आर.', भारतात ईशापूरला बनलेल्या अनेक रायफलींवर सम्राटपदाचा 'आय' जोडून 'जी. आर. आय.' असते. व्हिक्टोरिया राणीचे निधन २२ जानेवारी १९०१ रोजी झाले. त्यामुळे मुकुट, त्याखाली 'व्ही. आर.' आणि लगेच त्याखाली १९०७ असा एकत्र ठसा दिसला, तर तो कोणत्याही सरकारी कारखान्यात मारलेला नाही हे नक्की समजावे. खैबर खिंडीच्या परिसरात हाताने बनवलेल्या मार्टिनी-हेन्री आणि ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलींच्या नकलांवर ही चूक नेहमी सापडते. तिथल्या कारागिराचे हात कुशल असतात, पण रोमन लिपी त्याच्यासाठी केवळ नक्षी असते. म्हणून 'एनफील्ड' मधले 'एन' हे अक्षर आरशात पाहिल्यासारखे उलटे येते, अक्षरे ओळ सोडून वर-खाली होतात आणि मुकुट एखाद्या भांड्यासारखा दिसतो. अफगाणिस्तानात गेलेल्या अनेक परदेशी सैनिकांनी अशा रायफली खऱ्या समजून आठवण म्हणून घरी नेल्या. माझ्या मते या नकलांनाही संग्रहात मानाची जागा आहे, फक्त त्या नकला म्हणूनच विकत घ्याव्यात.

अपवाद लक्षात ठेवा. व्हिक्टोरियाच्या काळात बनलेल्या काही लांब रायफली पुढे सरकारी कारखान्यांतच आखूड केल्या गेल्या, आणि त्यांवर 'व्ही. आर.' तसेच राहून रूपांतराचा ठसा वेगळ्या बाजूला मारलेला आढळतो. जुना ठसा आणि नवा ठसा वेगवेगळे वाचता येत असतील, तर घाईने खोटे ठरवू नये.

जर्मन के ९८ के रायफलीवर १९३४ नंतर कारखान्याचे नाव न देता सांकेतिक खूण वापरली जाई. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याची खूण आधी 'एस/४२', मग नुसती '४२', १९४१ पासून 'बीवायएफ' आणि १९४५ मध्ये 'एसव्हीडब्ल्यू' अशी बदलत गेली. 'बीवायएफ' आणि १९३८ एकत्र आले, तर दोहोंपैकी एक तरी नंतर मारलेले आहे. माझ्या जंगल कार्बाइनच्या बाबतीत मी हाच मेळ घातला नव्हता. शिवाय तिच्या चेंबरजवळच्या नळीच्या जाड भागावर वजन कमी करण्यासाठी कोरून काढलेले खोलगट भाग असायला हवे होते, बोल्टच्या मुठीचा गोळा आतून पोकळ हवा होता, आणि मागच्या साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) अंतर ८०० यार्डांपर्यंतच हवे होते. माझ्या रायफलीचा गोळा भरीव होता आणि साइटवर १,३०० चा आकडा होता. पाहायला दोन मिनिटेही लागली नसती.

## ५. जुळणारे क्रमांक: कुठे अर्थ आहे, कुठे नाही

'सगळे क्रमांक जुळतात' हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल. त्याआधी हे माहीत हवे की त्या सैन्यात कोणत्या भागांवर क्रमांक घालण्याची पद्धत होती. जर्मन के ९८ के वर रिसीव्हर, नळी, बोल्ट, साइट, बँड (लाकूड नळीला धरून ठेवणारी धातूची पट्टी), चापाचे कडे, इतकेच नव्हे तर लहान भागांवरही पूर्ण क्रमांक किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे असतात. ब्रिटिश एसएमएलईवर (आखूड ली-एनफील्डवर) रिसीव्हर, नळी, बोल्टची मूठ, नळीच्या तोंडाशी असलेली नोझ कॅप, साइटच्या पट्टीची खालची बाजू आणि पुढचे लाकूड या जागा पाहाव्यात. उलट अमेरिकी एम १ गॅरंडवर अनुक्रमांक फक्त रिसीव्हरच्या मागच्या भागावर असतो. बाकीच्या भागांवरचे आकडे आराखड्यांचे क्रमांक असतात. तेव्हा 'सर्व क्रमांक जुळणारी गॅरंड' असे कोणी म्हणाला, तर तो एक तर अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतो आहे. गॅरंडमध्ये पाहायचे ते हे की नळीच्या उजव्या बाजूचा महिना-वर्षाचा ठसा रिसीव्हरच्या काळाशी जवळ आहे का आणि प्रत्येक भागाची आवृत्ती त्या काळातली आहे का.

के ९८ के चा आणखी एक विशेष असा की क्रमांक दहा हजारांपर्यंत गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि त्यामागे एक अक्षर लागे. म्हणजे एकच आकडा त्याच कारखान्यात त्याच वर्षी अनेकदा येऊ शकतो. अक्षरासह पूर्ण क्रमांक जुळतो का हे तपासा. आकडा तोच आणि अक्षर वेगळे असे बोल्ट मुद्दाम शोधून बसवले जातात.

आता शस्त्रागाराने बदललेल्या भागांकडे येऊ, कारण नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. सरकारी दुरुस्तीत जुना क्रमांक बहुधा आडव्या रेघेने खोडून शेजारी नवा मारला जातो. जुना आकडा वाचता येतो, कारण सैन्याला काही लपवायचे नसते. ब्रिटिश रायफलीची कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाली, तर 'एफ. टी. आर.' अशी अक्षरे आणि साल स्पष्ट घातलेले असते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेल्या जर्मन रायफली सुट्या करून, साफ करून, मिळतील ते भाग जोडून ठेवल्या गेल्या. त्यांवर रिसीव्हरवर फुलीसारखी खूण आणि भागांवर विजेच्या लेखणीने कोरलेले सारखे क्रमांक दिसतात. हे क्रमांक जुळतात, पण ते कारखान्याचे नाहीत, आणि अशी रायफल मूळ जुळणाऱ्या रायफलीच्या बरोबरीची म्हणून विकली जात असेल तर नकार द्यावा. फिनलंडने जुने रशियन रिसीव्हर नव्या नळ्यांसह वापरले, म्हणून नळीवर १९४१ आणि रिसीव्हरच्या शेपटाखाली एकोणिसाव्या शतकातले साल आढळणे तिथे स्वाभाविक आहे.

सोव्हिएत शस्त्रागारांनी 'मोसिन-नागां' या रशियन रायफलींच्या बोल्टवरचे जुने आकडे काही वेळा पूर्ण घासूनही टाकले, हा वर सांगितलेल्या नियमाला अपवाद आहे. अशा वेळी आकड्यांची घडण त्या शस्त्रागाराच्या इतर नमुन्यांशी ताडून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

## ६. ठसा भिंगाखाली

ठसा मारताना पोलादात धातू दाबला जातो आणि कडेला किंचित उचलला जातो. त्यानंतर पॉलिश आणि निळसर-काळी झिलई चढली असेल, तर कडा सपाट होतात आणि खाचेच्या तळापर्यंत तीच झिलई उतरते. भिंगातून दिसणारी पुढील लक्षणे संशयास्पद मानावीत:

- आजूबाजूची झिलई जुनी आणि झिजलेली, पण ठशाच्या तळाशी चकचकीत धातू
- पृष्ठभाग गंजाने खडबडीत झालेला, पण ठसा त्या खड्ड्यांच्या वरून गेलेला. खड्डे आधी आणि ठसा नंतर
- अक्षराच्या खाचेचा तळ सपाट व रुंदी सर्वत्र सारखी. असे फिरत्या कटरने कोरल्यावर होते, ठोकलेल्या ठशात खाच उतरती असते
- ठशाभोवतीची जागा शेजारच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोल. याचा अर्थ तिथे आधी दुसरे काही होते आणि ते काढले गेले

विजेच्या लेखणीचे लिखाण दिसले की लगेच बनावट म्हणू नका. नंबर ५ आणि उत्तरकाळातल्या अनेक नंबर ४ रायफलींवर नमुन्याचे नावच कारखान्यात अशा लेखणीने लिहिले जाई.

जपानी अरिसाका रायफलींवर रिसीव्हरच्या माथ्यावर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह असते. शरणागतीनंतर बहुतेक रायफलींवरून ते घासून काढले गेले, आणि म्हणूनच शाबूत चिन्हाच्या रायफलींना जास्त मागणी असते. ही मागणी भागवण्यासाठी घासलेल्या जागी फूल पुन्हा कोरले जाते. गोलाकार रिसीव्हरवर बोट फिरवून पाहा: घासलेल्या ठिकाणी वळण मोडून सपाट चकती तयार झालेली असते, आणि नव्या पाकळ्या त्या सपाटीवर बसलेल्या असतात. डोळ्यापेक्षा बोटाच्या टोकाला हे आधी कळते.

पूर्ण घासलेला क्रमांकही प्रयोगशाळेत आम्लाच्या प्रक्रियेने काही वेळा वाचता येतो, कारण ठशाखालच्या धातूची रचना खोलवर दाबली गेलेली असते. हे काम न्यायवैद्यक तज्ज्ञांचे आहे. घासलेला क्रमांक दिसताच तुम्ही करायचे ते एवढेच की रायफल खाली ठेवायची. असे शस्त्र बाळगणे अनेक देशांत स्वतंत्र गुन्हा आहे.

## ७. लाकूड काय सांगते

लाकडाला पॉलिश पेपर लागला की तीन ठिकाणी कळते. कारखान्यात लाकूड धातूच्या किंचित वर किंवा बरोबरीने बसवलेले असते, घासल्यावर ते धातूच्या खाली जाते. कडा गोलसर होतात. आणि निरीक्षकांचे लाकडातले ठसे उथळ, काठ विरलेले दिसतात. लाकूड घासलेले आणि ठसा मात्र कडक व खोल, असे एकत्र दिसले तर ठसा नवा आहे.

पुढच्या बँडखाली लाकूड कापून पुन्हा जोडलेले आढळले, तर लगेच निराश होऊ नका. युद्धावरून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी रायफली पिशवीत मावाव्यात म्हणून नेमक्या याच जागी लाकूड कापले, आणि घरी जाऊन जोडले. अशी कापणी बहुधा त्या रायफलीच्या प्रवासाचा पुरावाच ठरते. याउलट शिकारीसाठी कायमचे आखूड केलेले लाकूड बदलून नवे पूर्ण लांबीचे लाकूड चढवलेले असेल, तर पुढच्या आणि मागच्या लाकडाचा रंग, रेषा आणि झीज वेगळी दिसते. ईशापूरच्या रायफलींत चापाच्या पुढे लाकडातून आडवा जाणारा जादा स्क्रू हीदेखील कारखान्याचीच मजबुती आहे. ती हौशी दुरुस्ती समजून मी एकदा चांगली रायफल सोडून दिली होती.

दस्त्यावरची पितळी चकती, जिच्यावर पलटणीचे नाव आणि क्रमांक असतो, ती एका स्क्रूने बसते आणि एका स्क्रूने निघते. नामवंत पलटणीच्या चकतीसाठी जास्त पैसे देऊ नका. स्विस के ३१ रायफलींच्या दस्त्याच्या पाटीखाली मात्र पुष्कळदा ज्या सैनिकाकडे ती होती त्याची कागदी चिठ्ठी दडलेली सापडते. विक्रेता ते दोन स्क्रू काढू देत असेल तर जरूर पाहा.

## ८. धातू, झिलई आणि स्क्रू

गंजाच्या खड्ड्यांच्या आतपर्यंत एकसारखी काळी झिलई असेल, तर ती पुन्हा चढवलेली आहे. ती शस्त्रागाराने चढवली असेल, तर दुरुस्तीचा ठसा शोधा. ठसा नसेल तर विक्रेत्याला विचारा. स्क्रूंच्या खाचा पाहा: बाकी रायफल 'कधीही न उघडलेली' म्हणून दाखवली जात असताना खाचांचे ओठ फाटलेले असतील, तर ती नक्की उघडली गेली आहे.

गॅरंडच्या बाबतीत एक गंभीर सापळा आहे. सैन्याने कापून भंगारात काढलेल्या रिसीव्हरांचे तुकडे वेल्डिंगने जोडून पुन्हा रायफली उभ्या केल्या गेल्या. रिसीव्हरच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचा सांधा, रंगातला फरक आणि लांबीतला किंचित फरक पाहावा. हे केवळ मूल्याचे नव्हे, जिवाचे प्रकरण आहे.

ब्रिटिश रायफलींवर 'डी. पी.' ही अक्षरे असतील, तर ती कवायतीसाठी ठेवलेली, गोळीबारास अयोग्य रायफल आहे. ही दोन अक्षरे घासून काढण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून दस्त्याच्या मुळाशी आणि चेंबरवर तिरपा प्रकाश टाका. टोकाला टोक भिडलेले दोन बाण म्हणजे सेवेतून अधिकृतपणे विकलेली, एवढाच अर्थ. ती खूण चांगलीच समजावी.

तोंडाकडून भरायच्या एनफील्ड १८५३ सारख्या बंदुकांत इटलीत बनलेल्या आधुनिक प्रतिकृती मुद्दाम गंजवून विकल्या जातात. त्यांवरचे इटालियन चाचणीगृहाचे चौकटीतले वर्षाक्षर आणि 'फक्त काळी दारू' या अर्थाचा इंग्रजी मजकूर घासलेला असतो. नळीच्या खालच्या बाजूला, लाकडाने झाकलेल्या भागात हे ठसे राहून जातात, म्हणून नळी लाकडातून काढून दाखवण्याची विनंती करा.

## ९. दुर्बीण असलेल्या रायफली

स्नायपर रायफलींतच सर्वाधिक फसवणूक होते, कारण साध्या रायफलीवर दुर्बीण बसवणे सोपे आणि फायदा मोठा. नंबर ४ (टी) ही ब्रिटिश स्नायपर रायफल घेताना पुढील खुणा सर्व एकत्र हव्यात: रिसीव्हरच्या डाव्या बाजूला 'टी', दस्त्याच्या मुळाशी असलेल्या धातूवर 'टी. आर.', हॉलंड अँड हॉलंड यांनी रूपांतर केले असेल तर दस्त्याच्या मानेखाली 'एस ५१', लाकडावर मानेच्या वरच्या बाजूला नंबर ३२ दुर्बिणीचा क्रमांक, आणि दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक. यातली एखादी खूण खरोखरच सुटलेली असू शकते. तीन सुटल्या असतील, तर ती स्नायपर रायफल नव्हे असे धरून चाला. सोव्हिएत रायफलींत उलटाही प्रकार आढळतो: पूर्वी स्नायपर असलेल्या, मग भोके बुजवून साध्या केलेल्या रायफलींची तीच भोके पुन्हा उघडली जातात. बुजवलेल्या भोकाभोवतीचे कडे रिसीव्हरच्या आतून अधिक स्पष्ट दिसते.

## १०. कागदपत्रे

विक्रेत्याकडून मागायची कागदपत्रे: त्याचा ओळखीचा पुरावा, त्याच्या नावावरील परवाना किंवा मालकीची नोंद, आयात झाली असल्यास तिची कागदपत्रे, निष्क्रियतेचे प्रमाणपत्र लागू असल्यास ते, आणि पूर्वीच्या मालकांची पत्रे किंवा पावत्या. सैनिकाने युद्धावरून आणल्याचा दाखला दाखवला, तर त्यावर रायफलीचा क्रमांक लिहिलेला आहे का ते पाहा. नुसत्या 'एक रायफल' अशा नोंदीचा दाखला कोणत्याही रायफलीसोबत ठेवता येतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यापासून आयात शस्त्रावर आयातदाराचे नाव घालणे बंधनकारक आहे. असे बारीक अक्षरांतले नाव नळीवर असलेली रायफल 'आजोबांनी १९४५ साली सोबत आणली' असे कोणी सांगत असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

## ११. दुरून खरेदी करायची असल्यास

विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांवर निर्णय घेऊ नका; तुम्हाला हवी ती छायाचित्रे मागा. प्रत्येक क्रमांकाचे जवळून आणि तिरप्या प्रकाशातले एक, बोल्टच्या मुठीचे, बँडखालच्या लाकडाचे, दस्त्याच्या पाटीचे, आणि शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून पूर्ण रायफलीचे. रिसीव्हरच्या डाव्या बाजूचे छायाचित्र दोनदा मागूनही आले नाही, तर तिसऱ्यांदा मागण्यात वेळ घालवू नये.

## १२. पावती

व्यवहार ठरला की पावतीवर नमुना, कारखाना, साल, अक्षरासह पूर्ण क्रमांक, कोणते क्रमांक जुळतात व कोणते नाहीत, कोणत्या दुरुस्त्या ज्ञात आहेत, आणि ठरावीक दिवसांत तज्ज्ञाच्या तपासणीत वर्णन चुकीचे ठरल्यास परत घेण्याची अट, हे सर्व विक्रेत्याच्या सहीसह लिहून घ्या. त्याच दिवशी सर्व ठशांची छायाचित्रे काढून पावतीसोबत ठेवा. पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदीदार हेच मागणार आहे. माझ्या जंगल कार्बाइनच्या पावतीवर 'जुनी लष्करी रायफल, एक नग' एवढेच लिहिलेले होते, आणि ते वर्णन खरे असल्यामुळे ती परत करायला मला काही आधारच उरला नव्हता.